जुन्या आउटबोर्ड मोटरला करंट येत नाही? पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला समुद्र नाही, खाडी नाही. तरी बोटीच्या मागे अडकवायच्या जुन्या मोटरी इथे निघतात. कुणाच्या आजोबांनी मुंबईहून आणलेली, कुणी भंगारातून उचललेली. माझी जॉन्सन सीहॉर्स, साडेपाच हॉर्सपॉवरची, १९५० च्या दशकातली. मुंबईच्या दारूखाना भागातल्या भंगारवाल्यांकडून घेतली आणि वाशीला कांदा उतरवून रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून कसारा घाट चढून घरी आली. आठवडाभर तिला कांद्याचा वास येत होता आणि प्लगला करंट अजिबात येत नव्हता. ती चालू केल्यापासून लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ही माहिती कोणत्या मोटरींना लागू पडते?

मुख्यतः साधारण १९५० ते १९७० च्या काळातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूड या दोन सिलिंडरच्या, टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायच्या मोटरींना. दोन्ही एकाच कंपनीच्या असल्यामुळे त्यांचं मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय चुंबकाने करंट तयार करणारा भाग, जवळपास सारखं आहे. ब्रिटिश सीगलसारख्या एक सिलिंडरच्या मोटरींनाही तत्त्व तेच, फक्त रचना निराळी. सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या नंतरच्या मोटरींना यातलं काहीही लावू नका. त्यांत पॉइंटच नसतात.

बॅटरी नाही, मग करंट येतो कुठून?

हा प्रश्न मी सारडा सर्कलजवळच्या एका जुन्या मिस्त्रींना विचारला होता. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मोटरचं वरचं झाकण काढून दाखवलं, तसं ते हसले आणि म्हणाले, "शेठ, ही तर लुनाच आहे की. फक्त पाण्यातली."

त्यांचं खरं होतं. १९७२ पासून रस्त्यावर आलेल्या लुनात जे फ्लायव्हील मॅग्नेटो होतं, त्याचाच हा चुलतभाऊ. वरच्या जड चाकात, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं 'मॅग्नेट' म्हणतात, चुंबक बसवलेले असतात. दोरी ओढली की चाक फिरतं, चुंबक कॉइलच्या पत्र्यांसमोरून जातात आणि कॉइलच्या जाड तारेच्या आतल्या गुंडाळीत प्रवाह सुरू होतो. पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी दोन छोटी धातूची टोकं, मिटलेले असेपर्यंत तो वाहत राहतो. नेमक्या क्षणी कॅम, म्हणजे शाफ्टवरचा उंचवटा असलेला भाग, पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि केसासारख्या बारीक तारेच्या, हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात. तीच प्लगची ठिणगी.

कंडेन्सरचं काम, पॉइंट उघडताना प्रवाहाला क्षणभर जागा देणं. तो नसेल किंवा मेलेला असेल तर ठिणगी प्लगवर पडण्याऐवजी पॉइंटवरच पडते आणि पॉइंट जळतात.

दोन सिलिंडरच्या मोटरीत हा सगळा संसार दोनदा असतो: दोन पॉइंट, दोन कंडेन्सर, दोन कॉइल, एकमेकांसमोर. हे लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येतं. एक बाजू चालत असेल आणि दुसरी नसेल, तर चालणारी बाजू हेच तुमचं मॅन्युअल.

दोष इग्निशनचाच आहे हे कसं ओळखायचं?

दोन्ही प्लग काढा. केबल नुसत्या लोंबकळत ठेवून दोरी ओढू नका. व्होल्टेजला बाहेर उडी मारायला जागा मिळाली नाही तर ते कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढतं आणि धडधाकट कॉइल तुमच्या हातानेच मरते.

एका लाकडी फळीवर दोन खिळे ठोका, टोकं समोरासमोर, मध्ये ६ मिलिमीटर म्हणजे पाव इंचाचं अंतर. एका खिळ्याला प्लगची केबल, दुसऱ्याला वायरने इंजिनची बॉडी जोडा. फळी प्लगच्या भोकांपासून लांब ठेवा, कारण त्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. आता दोरी जोरात ओढा. पाव इंच ओलांडणारी, निळी, 'टक्' असा आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, कधी येणारी कधी न येणारी ठिणगी म्हणजे नापास.

नुसता प्लग हेडला टेकवून ठिणगी बघणं ही आपली गॅरेजची पद्धत, पण तिने फसायला होतं. उघड्या हवेत प्लगच्या छोट्या गॅपमधून अशक्त करंटसुद्धा उडी मारतो. सिलिंडरमध्ये दाब वाढला की तोच करंट हात टेकतो.

फळीवरची ठिणगी चांगली असेल तर हे पान बंद करा आणि कार्बोरेटर उघडा. इग्निशनच्या म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच कार्बोरेटरच्याच निघाल्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या मोटरीतला बुचाचा फ्लोट शेलॅकने, म्हणजे लाखेच्या वॉर्निशने रंगवलेला असतो, आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं.

मॅग्नेट कसं काढायचं? हातोडी चालेल का?

नाही. हे लिहिताना माझेच कान लाल होतात, कारण मी तेच केलं होतं.

नट सोडला, चाक हललं नाही, म्हणून खालून दोन स्क्रूड्रायव्हर घालून उचललं आणि शाफ्टच्या टोकावर हातोडी घातली. चाक निघालं नाहीच, शाफ्टचं टोक मात्र फुललं. नट पुन्हा चढेना. मग अंबडच्या एका लेथवाल्याने पट्टी-पट्टीने आटे पुन्हा जुळवून दिले, आणि तेवढा वेळ मला शाळेतल्या पोरासारखं समोर उभं केलं. स्क्रूड्रायव्हरने मॅग्नेटोची ॲल्युमिनियमची प्लेटही ओरबाडली गेली, ती खूण अजून आहे.

बरोबर पद्धत अशी. चाकाच्या मधल्या भागात तीन आटे पाडलेली भोकं असतात. त्यांत बोल्ट लावून, वर मधोमध स्क्रू असलेली जाड पट्टी किंवा स्टिअरिंग व्हीलचा पुलर बसवायचा. चाकाच्या कडेला तीन पायांचा जबड्याचा पुलर लावला तर चाक वाकतं किंवा चुंबक तडकतात. शाफ्टवरचा नट पूर्ण काढू नका. शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंतच सोडा, म्हणजे आटे वाचतात. पुलरचा स्क्रू घट्ट आवळा आणि मग स्क्रूच्या डोक्यावर, शाफ्टवर नव्हे, एक नेमका टोला. 'टण्' आवाज झाला की चाक सुटलं.

आता नाशिकमधली खरी अडचण. या मोटरी अमेरिकन, आटे इंचातले. आपल्या दुकानात बोल्ट मागितला की एम ६ आणि एम ८ हातात ठेवतात. दोन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भोकात एम ६ सैल जातो आणि जोर आला की आटे घेऊनच बाहेर येतो. अडीच सुतीत एम ८ दोन फेरे जाऊन अडकतो, आणि तिथे जबरदस्ती केली की संपलं. भद्रकालीत जुन्या हार्डवेअरच्या दुकानात "इंची आटे, सुताचा बोल्ट" असं स्पष्ट सांगा. गल्ल्यावर बसलेल्या मुलाला कळणार नाही, मागे बसलेल्या काकांना कळेल.

उघडल्यावर आधी काय बघायचं?

काहीही हात न लावता फोटो काढा. कोणती वायर कुठल्या बाजूने जाते, कंडेन्सर कुठे, वॉशर किती. नंतर सगळ्या वायरी सारख्याच दिसतात.

मग कॉइल बघा, तडे गेलेत का. मग वायरी. थ्रॉटल फिरवला की पॉइंट आणि कॉइल बसवलेली ही अख्खी प्लेट फिरते, त्यामुळे खालून जाणाऱ्या वायरी पन्नास-साठ वर्षं वाकत आणि घासत आलेल्या असतात. इन्सुलेशन दाबलं की बिस्किटासारखं तुटत असेल तर वायर बदलायचीच.

मग तेल. पॉइंटभोवती तेलकट काळा थर असेल तर तो पुसून भागत नाही, क्रँकशाफ्टचं वरचं सील गळतंय. सील न बदलता नवे पॉइंट टाकले तर तेही लवकरच तसेच माखतील. शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा. वरच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर पॉइंटचा गॅप कधीच एक राहणार नाही, तुम्ही कितीही सेट करा.

शेवटी चाकाच्या आतून चुंबकांवर चकचकीत ओरखडे आहेत का पाहा. असतील तर कॉइल बाहेर सरकलेली आहे आणि चाकाला घासते आहे. चुंबक स्वतः क्वचितच मरतात. पाना जवळ नेला आणि हातातून खेचला गेला, तर ठीक आहेत.

पॉइंट घासायचे की सरळ बदलायचे?

आधी साफ करा. पडून राहिलेल्या मोटरीत बहुतेक वेळा पॉइंट झिजलेले नसतात, त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण करंटला पुरता अडवतो. दारूखान्यातून येऊन माझ्या मोटरची खालची बाजू मेलेली होती ती एवढ्यावरच. नवा एकही पार्ट न टाकता खालच्या सिलिंडरचा करंट परत आला.

पॉइंटची फाईल किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर बारीक पट्टी कापून घ्या, दोन-चार हलके हात मारा. पृष्ठभाग सपाट राहिला पाहिजे. मग पेपरचे कण निघाले पाहिजेत, आणि बरेच जण इथेच चुकतात. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा थिनरमध्ये भिजवा, मिटलेल्या पॉइंटमधून ओढा. पट्टी काळी येईल. दुसरी ओढा. पट्टी पांढरी येईपर्यंत ओढत राहा. लग्नाच्या पत्रिकेचा कागद उत्तम, पण चकचकीत नको. शेवटची पट्टी कोरडी. त्यानंतर पॉइंटला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पुरेसं असतं.

एका बाजूला उंचवटा आणि समोर खड्डा झाला असेल, किंवा पॉइंट निळे-काळे जळलेले असतील, तर बदला, आणि बरोबर कंडेन्सरवर संशय घ्या. कॅमवर घासणारा फायबरचा ब्लॉक झिजून चपटा झाला असेल तरी बदला. नव्या पॉइंटवरही कारखान्यातून आलेला गंजविरोधक थर असतो. नवे आहेत म्हणून तसेच बसवू नका, तेही पुसा.

गॅप किती ठेवायचा, आणि कसा?

२० थाऊ, म्हणजे ०.०२० इंच, साधारण ०.५ मिलिमीटर. नवे पॉइंट असतील तर मी २२ थाऊ ठेवतो, कारण फायबर ब्लॉक सुरुवातीला थोडा बसतो आणि गॅप कमी होतो. चाचांना येझदीच्या ०.४ मिलिमीटरची सवय, ते माझ्या मोटरलाही तेवढाच ठेवायला निघाले होते. थांबवलं. ते म्हणाले, "दहा पैशाचा फरक आहे शेठ." फरक दहा पैशाचा नाही. गॅप जास्त ठेवला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जातं. कमी ठेवला की उशिरा उघडतो, टायमिंग मागे पडतं. शिवाय मॅग्नेटोत एक जादा भानगड असते. चुंबक नेमके योग्य जागी असताना पॉइंट उघडला तरच ठिणगीला जोर येतो. बॅटरीवर चालणाऱ्या येझदीला ही अट नव्हती.

आता कृती. कॅम शाफ्टवरून निघतो, म्हणून तो उलटा बसण्याची शक्यता असते. एका बाजूला 'टॉप' असं कोरलेलं असतं, ती बाजू वर. शाफ्टवर नट हलकासा लावून पान्याने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. उलटं फिरवू नका, खाली पाण्याच्या पंपातल्या रबरी इम्पेलरच्या पाकळ्या उलट्या वळतात. पॉइंट पूर्ण उघडतो ती जागा शोधा. अनेक कॅमवर त्यासाठी खूण असते.

पॉइंटचा धरणारा स्क्रू थोडा सैल करा, शेजारचा विकेंद्री स्क्रू फिरवून गॅप बदलतो. २० थाऊचं फिलर गेजचं पान मध्ये घाला. पान ओढताना हलकं अडखळायला हवं, लोण्यातून सुरी ओढल्यासारखं. १९ चं सैल आणि २१ चं अडत असेल तर झालं. आता धरणारा स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना गॅप हमखास हलतो. मी एकाच बाजूला हे पाच वेळा केलेलं आहे, घाई नको. गेजच्या पानावर तेल असतं. सेट झाल्यावर कोरडी कागदपट्टी पुन्हा एकदा ओढा.

दोन्ही बाजूंचा गॅप सारखा हवा. एक १८ आणि दुसरा २२ झाला तर मोटर मंद गतीवर लंगडत चालते आणि माणूस महिनाभर कार्बोरेटरच्या मागे लागतो.

कॅमला टेकणारी नमद्याची वात असेल तर तिला तेलाचा एक थेंब पुरे. दोन थेंब म्हणजे पुन्हा तेलकट पॉइंट.

मल्टिमीटरने पॉइंट तपासले, ते कायम मिटलेलेच दाखवतो. का?

कारण कॉइलची वायर जोडलेली आहे. आतल्या गुंडाळीचा रोध जेमतेम एक-दोन ओहम. पॉइंट उघडे असले तरी मीटरला कॉइलमधून वाट मिळते आणि बझर वाजतच राहतो. कॉइल आणि कंडेन्सर दोन्ही सोडवून मग पॉइंट मोजा. मिटलेले असताना जवळपास शून्य, उघडल्यावर अनंत. मिटलेले असताना दोन-तीन ओहम दाखवत असेल तर पुन्हा कागदपट्टी.

कंडेन्सर खराब आहे हे कसं कळतं? लुनाचा चालेल?

कपॅसिटन्स मोजणारा मीटर असेल तर साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड यायला हवं. पण मीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो, आणि प्रत्यक्षात पॉइंट उघडताना कंडेन्सरवर शेकडो व्होल्ट येतात. तिथे गळणारा कंडेन्सर मीटरवर पास होतो. म्हणून सगळ्यात भरवशाची चाचणी म्हणजे दोन बाजूंचे कंडेन्सर आपसात बदलणं. आजार बरोबर गेला तर कंडेन्सर, तिथेच राहिला तर कॉइल किंवा पॉइंट.

लुनाचा किंवा तसाच एखादा स्कूटरचा कंडेन्सर विजेच्या दृष्टीने चालून जातो, मूल्य त्याच पट्ट्यात असतं. अडचण बसवण्याची. आकार आणि पट्टी वेगळी, आणि चाकाखाली जागा मोजकी. तात्पुरता म्हणून मी एक बसवला होता, तो पुढचा सगळा हंगाम तिथेच राहिला. बॉडीचं अर्थिंग पक्कं असलं पाहिजे. रंगावर स्क्रू आवळून उपयोग नाही.

कॉइलला तडे आहेत, पण करंट येतोय. राहू द्यावी का?

नका ठेवू. जॉन्सन-एव्हिनरूडच्या त्या काळातल्या कॉइलचा हाच जन्मजात दोष. तारांवरचं प्लॅस्टिकचं आवरण वर्षांनी आकसतं आणि तडकतं. कोरड्या नोव्हेंबरात चालेल, जुलैत दमट हवा तड्यात शिरली की बंद.

माझ्या वरच्या सिलिंडरच्या कॉइलला नखाने जाणवेल न जाणवेल असा एक तडा होता. फळीवर ठिणगी कधी यायची, कधी नाही. एका रात्री शेडमधले दिवे गेले. लोडशेडिंग नव्हतं, फ्यूज उडाला होता. अंधारात सवयीने एकदा दोरी ओढली, तर चाकाच्या खिडकीतून आत निळसर रेघ सळसळताना दिसली. तड्यातून निघून थेट प्लेटवर. पुन्हा ओढली, पुन्हा तीच रेघ, त्याच जागी. फळीवरचे खिळे मात्र गप्प. महिनाभर जे मीटरला सापडलं नव्हतं, ते फ्यूजने दाखवलं. तेव्हापासून कॉइल तपासायची तर मी मुद्दाम रात्री तपासतो, आणि पेट्रोलचा कॅन शेडच्या बाहेर नेऊन ठेवतो.

मीटरने मोजायचीच असेल तर आतली गुंडाळी साधारण एक-दोन ओहम. मीटरच्या वायरींचाच रोध अर्ध्या ओहमपर्यंत असतो, तो आधी टोकं एकमेकांना टेकवून वजा करा. बाहेरची गुंडाळी हजारांमध्ये. अनंत दाखवलं तर तार तुटली. आकडे बरोबर आले म्हणजे कॉइल चांगली, असं मात्र समजू नका. तडा मीटरला दिसत नाही.

कॉइल रिवाइंड करून मिळेल? सातपूर-अंबडला मोटर वाइंडिंगवाले खूप आहेत.

पंपाची आणि पंख्याची मोटर ते झोपेत वाइंड करतील. इग्निशन कॉइल वेगळं प्रकरण आहे. हजारो वेढे, केसासारखी तार, प्रत्येक थरात इन्सुलेशन, आणि शेवटी व्हॅक्यूममध्ये आत राळ भरावी लागते. हवेचा एक बुडबुडा राहिला की व्होल्टेज तिथूनच फुटतं. एका वाइंडिंगवाल्याने आत्मविश्वासाने करून दिली होती. दहा मिनिटं छान चालली, मग कायमची गेली. पैसे त्याने परत केले, तेवढं खरं. तड्यात इपॉक्सी भरणं हाही तसाच जुगाड, घरी पोचण्यापुरता. नवी कॉइल घ्या. पर्यायी कंपन्यांच्या नव्या कॉइलचं आवरण जुन्यापेक्षा बरंच चांगलं आहे.

बसवताना कॉइलच्या लोखंडी पत्र्यांच्या टाचा प्लेटवरच्या घासून तयार केलेल्या उंचवट्यांच्या कडेशी बरोबर समपातळीत आणायच्या. बोट फिरवून बघा, पायरी लागता कामा नये. बाहेर आली तर चाकाला घासेल, आत राहिली तर करंट कमजोर. स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळा.

प्लगची केबल कोणती?

तांब्याच्या तारेची, ७ मिलिमीटरची. कारची कार्बन गाभ्याची केबल नको. या कॉइलमध्ये केबलच्या पोटात घुसणारी टोकदार खिळी असते, ती कार्बनमध्ये नीट पकड घेत नाही. केबल मधोमध, खिळीवर दाबून फिरवत बसवा. तिरकी गेली तर खिळी तारेच्या शेजारून जाते.

आणि प्लग?

मॅन्युअलमधला. माझ्या मोटरला चॅम्पियनचा जे सिरीजचा प्लग लागतो, गॅप ०.०३० इंच. याच्या आट्यांची लांबी फक्त ९.५ मिलिमीटर. दुचाकीचा लांब आट्यांचा प्लग त्याच भोकात बसतो आणि आत पिस्टनला भेटतो. जुना प्लग दुकानात बरोबर न्या, शेजारी धरून बघा.

चाक परत बसवताना काय काळजी?

शाफ्टचा निमुळता भाग आणि चाकातलं भोक दोन्ही कोरडे, थिनरने पुसलेले. तिथे ग्रीस लावणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. चाक त्या निमुळत्या पकडीवर बसतं. शाफ्ट आणि चाक यांच्यामधल्या खाचेत बसणारी छोटी चावी फक्त जागा दाखवायला असते, जोर सोसायला नाही. पकड सैल राहिली की चावी कातरली जाते, टायमिंग सरकतं, आणि दोरी हातातून उलटी हिसकली जाते. माझ्या साडेपाच हॉर्सच्या मोटरला नट ४० ते ४५ फूट-पाउंडाने आवळायचा आहे, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क पाना शेजारच्या चारचाकीच्या गॅरेजमधून दहा मिनिटांसाठी मिळतो.

सगळं नवं टाकलं, तरी करंट नाही. आता?

सगळं एकदम टाकलंत तिथेच घोळ झाला. एक बदलायचं, ठिणगी बघायची, मग दुसरं. आता उलट्या क्रमाने शोधा. पॉइंटचा स्प्रिंगचा भाग बॉडीला टेकतोय का? कॉइलच्या वायरीचं टोक वळून प्लेटला लागतंय का? पॉइंटखालचा इन्सुलेट करणारा वॉशर फोटोत आहे आणि आता नाही, असं तर झालं नाही ना? नवे पॉइंट न पुसता बसवले का? कॉइलची काळी अर्थ वायर स्क्रूखाली आहे का, की चाकाखाली चिमटली? काही मॉडेलना बंद करायच्या बटणाची वायर असते, ती सोडवून बघा. बटण आतून अडकलं असेल तर करंट कायमचा अर्थ होतो. माझ्या मोटरला असं बटणच नाही, म्हणून एक संशयित आपोआप सुटला.

आणि दोरी. तिशीतल्या भाच्याने ओढली की ठिणगी येते आणि मी ओढली की येत नाही, असंही झालेलं आहे. मॅग्नेटोला वेग लागतो.

थंड असताना चालते, गरम झाली की बंद पडते.

कॉइल किंवा कंडेन्सर. गरम असतानाच, बंद पडल्या पडल्या, फळीवर ठिणगी बघा. थंड झाल्यावर बघून उपयोग नाही, तेव्हा ती शहाण्यासारखी वागते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावावं का?

लॉन मोअरसाठी येणारी छोटी मॉड्यूल काही जण सीगलला वगैरे लावतात आणि ती चालतातही. माझं मत विचाराल तर नको. पॉइंट बिघडला तर तळ्याच्या मधोमध कागदाच्या पट्टीने चालू करता येतो. मॉड्यूल बिघडलं तर वल्ही मारत यायचं.

सुटे भाग मिळतात कुठे?

ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाने १९०९ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला आपल्या मोटरी विकायला सुरुवात केली. १९३६ मध्ये जॉन्सन आणि एव्हिनरूड एका छताखाली आल्या, आणि त्या कंपनीचं नाव पुढे आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन झालं. ती कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, ब्रँड बॉम्बार्डियरकडे गेले आणि २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरींचं उत्पादनच थांबलं. पण ही मॅग्नेटो इतकी वर्षं इतक्या मोटरींना लागली, की पॉइंट, कंडेन्सर, कॉइल इतर कंपन्या अजून बनवतात. बाहेरून मागवावे लागतात आणि कस्टम्सचे पैसे धरून चालावे लागतं. मागवताना मोटरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर द्या, नुसतं 'जॉन्सन साडेपाच' म्हणू नका. मुंबईत दारूखान्यात नशिबाने जुना माल मिळतो, पण तिथली कॉइल घेण्याआधी उजेडात फिरवून तडे बघा.

दुरुस्तीनंतर चालवून कुठे बघायची? गंगापूर धरणावर नेऊ का?

आधी घरी, २०० लिटरच्या ड्रममध्ये. पाण्याच्या पंपाचं रबर कोरडं फिरलं तर काही सेकंदांत जातं, त्यामुळे पाण्याबाहेर 'जरा टेस्ट' म्हणूनही चालू करू नका. ड्रममध्ये प्रोपेलर काढून ठेवा, नाहीतर निम्मं पाणी अंगणात येतं. उघड्यावरच चालवा, बंद शेडमध्ये धूर जीव घेतो. पेट्रोलमध्ये ऑइल २४ लिटरला १ लिटर, आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं. जुन्या सीगलना तर १० ला १ लागायचं.

गंगापूर धरणाचं पाणी आपण नाशिककर पितो. जुनी टू-स्ट्रोक मोटर न जळलेलं ऑइल पाण्यात सोडते, ड्रममधला तवंग बघितलात की कळेल. शिवाय मोटर लावलेल्या बोटीला नोंदणी लागते, आणि धरणाच्या पाण्यात उतरायला परवानगी. ती नसेल तर ड्रम बरा. माझी मोटर धरणावर अजून उतरलेली नाही आणि मला त्याची रुखरुखही नाही. रविवारी सकाळी ती ड्रममध्ये वीस मिनिटं गुरगुरते, गल्लीतली पोरं जमतात, शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात.

पावसाळ्यात कशी ठेवायची?

उभी, स्टँडवर, म्हणजे पाणी निथळून जातं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनं सुती धोतर किंवा चादर पुरे. कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवून मग ठेवा. पाऊस ओसरल्यावर दोरीला हात लावायच्या आधी चाकाच्या खिडकीतून पॉइंटमध्ये एक कोरडी कागदपट्टी ओढा. माझ्या मोटरला खिडकीतून पॉइंट दिसतात, काही मॉडेलना दिसत नाहीत. त्यांचं चाक काढावंच लागेल, तर पुलरचे इंची बोल्ट दुसऱ्या बोल्टांत मिसळू न देता वेगळ्या डबीत ठेवलेले बरे. माझे हिंगाच्या डबीत असतात.